दप्तराचा पत्ता

१९९१ साली न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात फ्रिडा काहलोचं एक आत्मचित्र विकलं गेलं. १९४७मधलं, मोकळ्या केसांचं. किंमत आली साडेसोळा लाख डॉलर. विकणाऱ्या होत्या आयोवा राज्यातल्या लुईझ नून, ऐंशी ओलांडलेल्या, चित्रांच्या जाणकार संग्राहक आणि नागरी हक्कांच्या जुन्या कार्यकर्त्या. आयोवातल्या स्त्री-मताधिकाराच्या लढ्यावर त्यांनी १९६०च्या दशकात पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ज्या बायकांबद्दल लिहायचं त्यांची पत्रं, रोजनिशा, सभांची इतिवृत्तं फारशी कुणी ठेवलेलीच नाहीत. ही सल त्यांनी वीसेक वर्षं मनात बाळगली आणि अखेर आपल्या संग्रहातलं मोलाचं चित्र विकून तिच्यावर इलाज केला. जोडीला होत्या मेरी लुईझ स्मिथ, रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष. दोघींचं राजकारण वेगळं, कागदांच्या बाबतीत मात्र एकमत. १९९२ साली आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘आयोवा विमेन्स आर्काइव्ह्ज’ सुरू झालं.

एका मेक्सिकन बाईच्या चेहऱ्याच्या किमतीवर उभं राहिलेलं हे दप्तर. आणि पहिली दहा-बारा वर्षं आयोवातल्याच मेक्सिकन बायका त्यात अभावानंच सापडत होत्या. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. दार उघडं ठेवलं की कागद आपल्या पायांनी चालत येतात, असं दप्तरखान्यांना वाटत असतं. येतात ते कुणाचे? आपल्या कागदांना किंमत आहे हे ज्यांना आधीपासून ठाऊक असतं त्यांचे. रेल्वेच्या रुळांवर राबलेल्या गँगमनच्या बायकोला आपली ट्रंक उचलून विद्यापीठात न्यावी, हे सुचणार कुठून? आणि सुचलं तरी त्या दाराशी तिला काय विचारतील, याची धास्ती वेगळीच.

२००५मध्ये मग दप्तरच घराबाहेर पडलं. ‘मुहेरेस लातिनास’ या नावाचा प्रकल्प सुरू झाला. जॅनेट वीव्हर आणि त्यांचे सहकारी आयोवातल्या गावागावांत गेले, स्वयंपाकघरांतल्या टेबलांशी बसले, मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, आणि जिथे विश्वास बसला तिथे अल्बम आणि खोकी उघडली गेली. त्यातून जे बाहेर आलं त्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कुक्स पॉइंट.

मिसिसिपीच्या काठावर डॅव्हनपोर्ट हे कारखान्यांचं शहर. त्याच्या कडेला, नदीलगतच्या सखल जागेत, ही वस्ती होती. १९१०ला मेक्सिकोत क्रांती पेटली, माणसं उत्तरेकडे निघाली; इकडे रेल्वे कंपन्यांना आणि कारखान्यांना स्वस्त हात हवे होते. त्यातले काही हात इथवर पोचले. मिळेल त्या फळकुटांची घरं, नळ नाही, पक्का रस्ता नाही, नदीला पूर आला की पहिलं पाणी इथे. १९५२ साली उद्योगांना जागा हवी म्हणून वस्ती उठवली. सरकारी फायलींत अशा वस्त्या सापडतात त्या आरोग्याचा प्रश्न म्हणून. तिथे वाढलेल्या बायका बोलू लागल्या की त्याच जागेत शेजार उभा राहतो, बाप्तिस्मे होतात, सोळा सप्टेंबरचा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन साजरा होतो. पुढे १९५९मध्ये ‘लुलाक’ या लॅटिनो नागरिकांच्या संघटनेची डॅव्हनपोर्ट शाखा निघाली आणि पुढच्या दशकात ही मंडळी कॅलिफोर्नियाच्या मळ्यांतल्या मजुरांसाठी द्राक्षांवर बहिष्कार घाला म्हणून सांगत फिरू लागली. फायलीत जे लोक ‘समस्या’ होते, ते इतक्या चटकन कार्यकर्ते कसे झाले, याचं उत्तर फायलीत नाही. ते ट्रंकेत होतं.

लॅटिनो म्हणजे काही मूठभर लोक नव्हेत. २०२०च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. दर पाच अमेरिकनांत जवळजवळ एक. मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, साल्वादोरी, डोमिनिकन असे नाना देशांचे, नाना रंगांचे लोक एका नावाखाली मोजले जातात. त्यातले काही तर अमेरिकेत आलेच नाहीत. अमेरिकाच त्यांच्याकडे आली. आणि त्यांच्या घरांतले कागद ट्रंकेतच का राहिले, ते समजायला तिथूनच सुरुवात करावी लागते.

फेब्रुवारी १८४८मध्ये ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा अर्ध्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसं जागच्या जागी राहिली, सरहद्द त्यांच्या डोक्यावरून सरकली. जुन्या जमीन-सनदांना संरक्षण देणारं तहातलं दहावं कलम अमेरिकी सेनेटनं मंजुरी देताना खोडून टाकलं. कॅलिफोर्नियात १८५१चा कायदा आला: जमीन आपली आहे हे कसणाऱ्यानं सिद्ध करायचं, परक्या भाषेतल्या पंचांपुढे, कागद दाखवून. सनदांच्या चतुःसीमा तर ओढा, टेकडी, खडक अशा खुणांनी लिहिलेल्या. खटले वर्षानुवर्षं चालले, जिंकलेल्यांच्याही जमिनी वकिलांच्या फीमध्ये गेल्या. न्यू मेक्सिकोत सुमारे साडेतीन कोटी एकरांवर दावे लागले. मान्य झाले ते वीस लाखांहूनही कमी एकरांचे.

हे सगळं चालू असताना, १८७०मध्ये, सांता फेला एक प्रकार घडला. न्यू मेक्सिकोचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम पाइल यांच्या वाड्यातली जुन्या कागदांनी भरलेली खोली रिकामी करण्यात आली. कागद होते स्पॅनिश आणि मेक्सिकन अमदानीचे. ते रद्दीत विकले गेले. गावात ओरड झाली तेव्हा काही गठ्ठे परत आले, बाकीचे गेले ते गेलेच. ज्या मुलखात कागदाशिवाय जमीन राहत नव्हती, तिथे राज्यकर्त्यानंच कागद काढून टाकावेत, याला निव्वळ गबाळेपणा म्हणून सोडून देणं मला जड जातं. हेतू असो-नसो, परिणाम एकच. उरलेलं दप्तर १९०३मध्ये वॉशिंग्टनला नेलं आणि वीस वर्षांनी पुन्हा सांता फेला आणलं. कागदांनीही सरहद्दी ओलांडल्या म्हणायच्या.

विसाव्या शतकातही तोच धडा. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून पंचेचाळीस लाखांहून अधिक मजुरी-करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापले जात. मायदेशी परतल्यावर मिळतील असं सांगून. पैसे बँकांमधून बँकांकडे गेले आणि बहुतेकांना मिळाले नाहीत. अर्धशतक उलटल्यावर, म्हाताऱ्या ब्रासेरोंनी मोर्चे काढल्यावर, मेक्सिकोच्या सरकारनं २००५च्या सुमारास प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचं कबूल केलं. अट साधी होती: मूळ करार, पगाराची पावती किंवा ओळखपत्र दाखवा. ज्याच्या बायकोनं ते चिटोरं बायबलमध्ये जपून ठेवलं होतं त्याला पैसे मिळाले. ज्याचं घर पावसात वाहून गेलं होतं त्याला नाही. ब्रासेरोंच्या आठवणी आणि कागद आता स्मिथसोनियन ही वॉशिंग्टनमधली राष्ट्रीय संग्रहालय-संस्था, एल पासोचं टेक्सस विद्यापीठ आणि इतर विद्यापीठांच्या एकत्र दप्तरात आहेत. लेनर्ड नाडेलनं १९५६मध्ये काढलेले फोटो स्मिथसोनियनमध्ये जपले आहेत. त्यातला एक पाहिल्यावर विसरता येत नाही: उघड्या अंगाच्या मजुरांची रांग आणि तोंडावर मुखवटा लावून त्यांच्यावर डीडीटी फवारणारा माणूस. पण नुसत्या फोटोतून मजुरांची ओळख पटत नाही. ती पटली ती पुढे: हे फोटो घेऊन लोक गावोगाव गेले, म्हातारे पुढे झाले, बोट ठेवून म्हणाले, ‘अशीच रांग होती.’

तेव्हा घरातला कागद ही लॅटिनो कुटुंबाची जिंदगी होती, आणि कागद मागणारा माणूस हा बहुधा सरकारचा. त्याच्या हाती कागद देऊन भलं झाल्याचा अनुभव थोडा. दप्तरखान्याच्या माणसालाही या जुन्या भीतीचं देणं फेडावं लागतं. आणि तो सरकारचा नसला तरी प्रश्न सुटतोच असं नाही. याचं सर्वांत बोधप्रद उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे.

ह्यूबर्ट हाउ बँक्रॉफ्ट हा सॅन फ्रान्सिस्कोचा पुस्तकविक्रेता. अफाट संग्राहक, आणि इतिहास हा कारखान्यात माल काढावा तसा काढता येतो यावर विश्वास असलेला. १८७०च्या दशकात त्यानं माणसं पगारी ठेवून अमेरिकापूर्व कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिशभाषक कुटुंबांकडे धाडली. हे लोक स्वतःला कॅलिफोर्निओ म्हणत. थॉमस सॅव्हेज, एन्रीके सेरुती हे त्याचे लेखनिक. त्यांना सर्वांत मोठं घबाड मिळालं ते सोनोमाला, जनरल मारियानो ग्वादालूपे वायेहो यांच्याकडे.

वायेहोंचं आयुष्य म्हणजे कागदाचा कडू विनोद. अमेरिकेनं कॅलिफोर्निया घ्यावं असं मानणारे हे मेक्सिकन सेनानी. १८४६मध्ये अमेरिकी बंडखोरांनीच त्यांना कैद केलं. सुटल्यावर त्यांनी नव्या राज्याची घटना लिहायला हातभार लावला, सिनेटर झाले. मग त्यांच्या सोस्कोल या मोठ्या जमिनीचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८६२मध्ये फेटाळला गेला. स्वतःच्या हातानं कॅलिफोर्नियाचा इतिहास ते लिहीत होते. १८६७मध्ये घराला आग लागली आणि हस्तलिखित त्यात गेलं. अशा माणसाकडे बँक्रॉफ्टचा लेखनिक आला. वायेहोंनी आधी हात आखडला, मग दिलदारपणे सगळं दिलं: आयुष्यभर जमवलेले हजारो कागद, आणि शिवाय नव्यानं सांगून लिहवलेल्या पाच खंडांच्या आठवणी. आपली बाजू आता छापली जाईल, अशी त्यांची समजूत होती.

बँक्रॉफ्टनं ते छापलं नाही. त्याला हव्या होत्या तळटीपा. त्याच्या सात खंडांच्या ‘हिस्टरी ऑफ कॅलिफोर्निया’त या साक्षी कच्चा माल म्हणून वापरल्या गेल्या, आणि कुठे कुठे साक्षीदाराच्या खोटेपणावर शेराही मारला गेला. मूळ कागद कपाटात बंद. १९०५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं बँक्रॉफ्टचा संग्रह विकत घेतला, तेव्हा तेही बर्कलीला आले. वायेहोंच्या आठवणी संपूर्ण इंग्रजीत छापून यायला २०२३ उजाडलं. लिहिल्यापासून जवळजवळ दीडशे वर्षं.

त्या साक्षींमध्ये बायकाही होत्या, थोड्या. त्यांतली एउलालिया पेरेस सान गाब्रिएल मिशनची कोठीवाली होती. धान्य, कापड, साबण, वाइन, सगळ्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला. १८७७मध्ये सॅव्हेज तिच्यापाशी बसला तेव्हा ती फार म्हातारी झाली होती. मिशनमधल्या शेकडो इंडियन लोकांना शिधा कसा वाटला जाई, मुलींना रात्री कसं कुलुपात ठेवत, हे तिनं जे सांगितलं ते गव्हर्नरांच्या पत्रव्यवहारात शोधून मिळणार नाही. बायकांच्या या साक्षी रोझ मेरी बीब आणि रॉबर्ट सेंकेविच यांनी २००६मध्ये एकत्र छापल्या आणि मगच त्या वाचकांपर्यंत नीट पोचल्या.

बँक्रॉफ्टला मी नुसता खलनायक ठरवत नाही. तो नसता तर एउलालिया पेरेसचं एक वाक्यही आज उरलं नसतं. पण त्यानं घालून दिलेला नमुना घातक होता: बोलणारे तुम्ही, लिहिणारा मी, मालक मी, अर्थ लावणाराही मीच. साक्ष दिलेल्याच्या घरी प्रतसुद्धा राहिली नाही. आजच्या चांगल्या स्थानिक दप्तरांकडे पाहिलं तर ती हा नमुना एकेका टाक्यानं उसवताना दिसतात. लॉस एंजलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या लक्षात आलं की शहराचे फोटो आपल्याकडे ढिगानं आहेत, पण त्यांत शहरातले बहुसंख्य लोक नाहीत. तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘शेड्स ऑफ एल.ए.’ नावाखाली त्यांनी लोकांना घरचे अल्बम घेऊन बोलावलं. फोटोचा फोटो काढायचा, माहिती लिहून घ्यायची आणि अल्बम त्याच दिवशी मालकाच्या हातात परत द्यायचा. वस्तू देणाऱ्याचीच राहते, प्रत सगळ्यांची होते. इतकी साधी गोष्ट सुचायला शंभर वर्षं लागली.

आणि मग प्रश्न येतो पत्त्याचा. सेझार चावेझ, डोलोरेस ह्युएर्ता आणि लॅरी इट्लिओंग यांच्या शेतमजूर संघटनेचे कागद कुठे आहेत? कॅलिफोर्नियात नाहीत. ते डेट्रॉइटला, वेन स्टेट विद्यापीठाच्या वॉल्टर रॉयथर ग्रंथालयात आहेत, कारण मोटार कामगारांच्या संघटनेशी जोडलेलं हे ग्रंथालय कामगार चळवळीचं दप्तर म्हणून नावाजलेलं होतं आणि १९६०च्या दशकातच त्यानं पुढे होऊन ते मागितले. कागद उत्तम जपले गेले आहेत, यात वाद नाही. ज्यानं वेळेवर मागितलं त्याला श्रेय द्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या संस्था तेव्हा झोपल्या होत्या असंच म्हणावं लागेल. पण कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यात आजोबांनी संप केला, त्यांची सही असलेला कागद पाहायचा तर नातीनं तीन हजार किलोमीटरहून लांब जायचं. संशोधकाला प्रवासाचा भत्ता मिळतो. नातीला कुणी देत नाही.

अंतराचा तोटा नातीपुरता नाही, दप्तराचाही आहे. फोटोतल्या माणसांना ओळखणारे डोळे जिथे आहेत, तिथे तो फोटो बोलतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस डॉन नॉर्मार्क नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी लॉस एंजलिसवरून नजर फिरवायला एका टेकडीवर चढला आणि खालच्या दरीत त्याला मेक्सिकन कुटुंबांच्या वस्त्या दिसल्या: ला लोमा, पालो वेर्दे, बिशप. मिळून चावेझ रव्हीन. त्यानं वर्षभर तिथे फोटो काढले. पुढे स्वस्त घरकुलं बांधायची म्हणून शहरानं वस्ती खाली करायला घेतली, मग घरकुलं म्हणजे समाजवाद अशी आवई उठली, योजना रद्द झाली आणि जमीन बेसबॉलच्या डॉजर्स संघाकडे गेली. शेवटची कुटुंबं मे १९५९मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर काढली. १९६२मध्ये स्टेडियम उघडलं. नॉर्मार्कपाशी निगेटिव्ह राहिल्या, नावं नव्हती. नव्वदच्या दशकात तो ते फोटो घेऊन जुन्या रहिवाशांना शोधत फिरला. हे लोक स्वतःला ‘लोस देस्तेर्रादोस’ म्हणजे हद्दपार झालेले म्हणवून घेतात आणि दरवर्षी जवळच्या बागेत जमतात. त्यांनी फोटो पाहिले, नावं सांगितली, कोण कुणाचा मामा ते सांगितलं, आणि १९९९मध्ये पुस्तक निघालं. मला वाटतं, त्या पुस्तकाचे लेखक खरं तर अनेक आहेत. नावं सांगणारी पिढी आणखी दहा वर्षांनी भेटली असती तर त्यातले अर्धे चेहरे ‘अज्ञात स्त्री, अज्ञात मूल’ म्हणून नोंदले गेले असते. दप्तराच्या सूचीत ‘अज्ञात’ हा शब्द जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा कुणीतरी उशिरा पोचलेलं असतं.

न्यूयॉर्कची गोष्ट आनंदाची आहे, म्हणून थोडक्यात. सांतुर्से, पोर्तो रिको इथे १८७४मध्ये जन्मलेला आर्तुरो शोमबर्ग हा कृष्णवर्णीय मुलगा बँकेत टपाल विभागात नोकरी करत करत जगभरच्या कृष्णवर्णीयांची पुस्तकं, पत्रं, चित्रं जमवत राहिला. १९२६मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या दहा हजार डॉलरांत तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं घेतला आणि हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला, म्हणजे ज्यांचा होता त्यांच्याच मोहल्ल्यात. पाच वर्षं आधी त्याच शाखेत पुरा बेल्प्रे ही पोर्तो रिकन तरुणी नोकरीला लागली होती आणि आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मुलांना सांगू लागली होती. तिचे कागद, आणि विड्या-सिगार वळणाऱ्या, गोदीत राबणाऱ्या पोर्तो रिकनांच्या संघटनांचे कागद आज हंटर कॉलेजमधल्या ‘सेंत्रो’कडे आहेत. हे केंद्र १९७३मध्ये विद्यार्थी आणि रहिवाशांच्या रेट्यातून निघालं. तिथे कागद आणि माणूस एकाच मेट्रोच्या मार्गावर आहेत.

काही वेळा मात्र दप्तराविरुद्ध दप्तर उभं करावं लागतं. २८ जानेवारी १९१८च्या पहाटे रिओ ग्रांदेच्या काठावर पोर्वेनीर या टेक्ससमधल्या खेड्यात टेक्सस रेंजर्स या राज्याच्या सशस्त्र पोलिस दलाची तुकडी आणि आसपासचे काही रँचमालक शिरले, लष्कराचं घोडदळ सोबत होतं. पंधरा पुरुष आणि मुलगे वेगळे काढून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. उरलेलं गाव नदी ओलांडून मेक्सिकोत पळालं. घरं पाडली गेली. अधिकृत कहाणी अशी की हे लुटारू होते आणि चकमक झाली. ती कहाणी रेंजर्सच्या अहवालात व्यवस्थित नोंदलेली आहे. सरकारी दप्तरात ती वाचली तर संशय घ्यायला जागा नाही. पण खेड्यातला शाळामास्तर हॅरी वॉरेन यानं मेलेल्यांची नावं लिहून ठेवली होती. त्याचे कागद आज आल्पाइन गावच्या सल रॉस विद्यापीठात, बिग बेंड प्रदेशाच्या दप्तरात आहेत. १९१९मध्ये विधानसभेतले एकमेव टेक्सस-मेक्सिकन सदस्य होसे तोमास कानालेस यांनी रेंजर्सची चौकशी लावली. साक्षींची दीड हजारांहून अधिक पानं झाली आणि विधानसभेनं ती छापायचं नाकारलं. कित्येक दशकं ती पडून राहिली.

या सगळ्या काळात पोर्वेनीर टिकलं ते घरांमध्ये. त्या पहाटे ज्याचा बाप गेला तो मुलगा पुढे म्हातारा झाला आणि मग मुलांपाशी बोलला. नातवंडांनी चौकशीचे कागद शोधले, मास्तरची यादी शोधली, आणि घरात ऐकलेलं कागदाशी ताडून पाहिलं. २०१३मध्ये मोनिका मुन्योस मार्तीनेस आणि इतर इतिहासकारांनी ‘रिफ्यूझिंग टु फर्गेट’ हे काम हाती घेतलं. २०१६मध्ये ऑस्टिनच्या राज्य संग्रहालयात प्रदर्शन झालं. २०१८मध्ये, शंभर वर्षांनी, राज्याच्या ऐतिहासिक आयोगानं पोर्वेनीरचा फलक लावला. तोही भांडाभांडी होऊनच. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तोंडी आठवण एकटी असती तर तिला कुणी दंतकथा म्हटलं असतं. नुसती यादी असती तर ती नावांची यादी राहिली असती. दोन्ही एकाच टापूत, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिल्या म्हणून साक्ष उभी राहिली.

इतकं सगळं दप्तरांच्या बाजूनं लिहिल्यावर एक उलटी गोष्ट नोंदवलीच पाहिजे. प्रत्येक कागद दप्तरात यावा असं मला वाटत नाही. आज अमेरिकेत लाखो लॅटिनो कुटुंबांत कुणी ना कुणी कागदपत्रांविना राहतं. त्याची मुलाखत म्हणजे उद्याचा इतिहास, आणि आजचा पुरावा. बॉस्टन कॉलेजनं उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघर्षातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या, हयातीत गुप्त राहतील या भरवशावर. २०११मध्ये न्यायालयाची समन्स आली आणि भरवसा तुटला. त्यानंतर कुठल्याही मुलाखतकारानं ‘हे आमच्याकडे सुरक्षित आहे’ असं सहज म्हणू नये. शहाणं दप्तर बोलणाऱ्याला आधीच सांगतं: नाव देऊ नका, गावाचं नाव गाळा, अमुक वर्षापर्यंत उघडू नका असं लिहून द्या, किंवा आज नकोच, मशीन बंद करू. हे शेवटचं वाक्य ज्याला म्हणता येतं तो खरा दप्तरदार. बँक्रॉफ्टच्या लेखनिकाला ते म्हणता आलं नसतं. त्याला खंड भरायचे होते.

राहता राहिला पैसा. स्थानिक दप्तराचं खरं दुखणं तेच आहे आणि त्यावर बोलायला कुणाला आवडत नाही. असे प्रकल्प बहुधा दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर निघतात. मुलाखती होतात, समारंभ होतो, अनुदान संपतं, स्पॅनिश जाणणारी मुलगी दुसरीकडे नोकरी धरते आणि खोकी सूचीविना पडून राहतात. सूची नसलेलं खोकं म्हणजे पुन्हा ट्रंकच, फक्त ती आता घरच्यांपासूनही लांब. देणगीदाराला इमारतीवर नाव हवं असतं. सूची करणाऱ्याच्या पगारावर नाव कोरता येत नाही. म्हणूनच भिंतीवरचं चित्र विकून पगारांची सोय लावणारी बाई विरळा.

१९९४मध्ये स्मिथसोनियननं नेमलेल्या समितीनंच अहवाल दिला, त्याचं नाव ‘विलफुल नेग्लेक्ट’, म्हणजे जाणूनबुजून केलेली हेळसांड. लॅटिनोंचा इतिहास देशाच्या संग्रहालयांत जवळजवळ नाहीच, असा तिचा निष्कर्ष होता. लॅटिनोंचं राष्ट्रीय संग्रहालय उभारायचा कायदा व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. २०२२मध्ये अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात एक दालन उघडलं. स्वतंत्र इमारतीचं बांधकाम सुरू झालेलं नाही, आणि वॉशिंग्टनमध्ये तिच्या निधीवरून आणि त्यात कुणाचा इतिहास सांगावा यावरून वाद चालू आहेत. इमारत व्हावी, जरूर व्हावी. पण तिच्या काचेच्या कपाटांत ठेवायला जे लागेल ते वॉशिंग्टनकडे नाही. ते आयोवाच्या, एल पासोच्या, सांता फेच्या, हार्लेमच्या छोट्या दप्तरांकडे आहे, आणि त्याहून कितीतरी अधिक अजून घरांत आहे, ज्याला ओळखणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. माझ्या मते खर्चाचा क्रम उलटा हवा: आधी या गावांतल्या सूचीकारांचे कायम पगार, मग राजधानीतली इमारत.